थापी आणि छिन्नी

पद्मावतीच्या मागच्या गल्लीत महापालिकेनं
यंदा तिसऱ्यांदा रस्ता उकरला
आणि या खेपेला काँक्रीट ओतलं.
तिसरीचा वर्ग घेऊन मी खाली उतरले,
अडतीस मुलं, एका दोरीला धरून.

धडा पुस्तकात नव्हता. वरून परिपत्रक आलं होतं:
'विद्यार्थ्यांना डिजिटल पाऊलखुणांबाबत जागरूक करावे.
अहवाल शुक्रवारपर्यंत. छायाचित्र जोडावे.'

ओलं होतं तेव्हा, रात्री कधीतरी,
त्यावरून एक कुत्रं गेलं होतं.
कुणी पाहिलंय त्याला?
कुणीच नाही.
मग सांगा, काय काय कळतंय.

इक्रा उकिडवी बसली. चिकनच्या दुकानाकडून आलंय, मॅडम.
प्रज्वल म्हणाला, टपरीपाशी घुटमळलं,
इथे बघा, पायावर पाय पडलेत.
जुईलीनं बोट टेकवलं: हा मागचा उजवा
नीट उमटतच नाहीये, लंगडतं ते.
आणि पार टोकाला जाऊन कुणीतरी ओरडलं,
घर सापडलं! इस्त्रीवाल्याच्या पायरीखाली!

बघा, म्हटलं, एकदाही भुंकलं नाही आपल्यासमोर,
आणि त्याची भूक, त्याचं दुखणं, त्याचं घर
पाच मिनिटांत आपल्या हातात.
आता आईच्या फोनवर तुम्ही जिथे जिथे बोट लावता...
वाक्य पुरं करावं लागलं नाही.
भिंतीला कान असतात, हे माझ्या आईच्या वेळचं.
आताच्या भिंतीला आठवण असते.

मुकादम गोणपाटावर पाणी मारत होता.
म्हणाला, ओ बाई, पुसायचं होतं तर
चार तासांच्या आत सांगायचं, थापीचं काम होतं.
आता छिन्नी लागंल.
आन् छिन्नीचा बी वण ऱ्हातोच.
वर्गात येऊन मी हे फळ्यावर लिहिलं, जसंच्या तसं.

तेव्हा शेवटच्या बाकावरून कैवल्य उठला.
हजेरीलाही पुटपुटणारा मुलगा.
मॅडम, इंजेक्शनच्या दिवशी मी रडलो होतो,
तो फोटो शाळेच्या पेजवर आहे.
नाक वाहतंय माझं.
मी तर फोनला हातसुद्धा लावला नव्हता.
मग जरा थांबून,
मी चालत नव्हतो गेलो तिथे.
तुम्ही मला उचलून नेलंत
आणि माझा पाय दाबलात.

वर्ग हसला नाही.
हसला असता तर बरं झालं असतं.

फोटो माझाच. खालची ओळही माझी:
'आमचा शूर शिपाई'. एकशे बारा जणांना आवडली होती.
संध्याकाळी धनकवडीच्या बसथांब्यावर उभ्या उभ्या
मी तो काढून टाकला. वाटलं, चला, थापीत भागलं.
साडेनऊला पालकांच्या गटावर कुणाचा तरी मामा
तोच चेहरा पाठवत होता, स्टिकर करून,
वर लिहिलेलं: 'उद्या सोमवार'.
फोन केला तर म्हणाला, मला पण कुठून तरीच आलाय हो,
पोरगं कोण आहे?

घरी कपाटात एक पांढरं कापड आहे,
लेकीचं दहा दिवसांचं पाऊल, कुंकवात बुडवून घेतलेलं.
ती आता चौदाची. कुणाला दाखवायचं तर
आधी तिला विचारते.
बाकीची तिची पावलं मी कुठे कुठे उमटवली,
त्या रात्री मोजायला बसले
आणि दोनशेच्या पुढे फोन बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी कैवल्यला गाठून
चुकले म्हणाले.
त्यानं बुटाची नाडी सोडली, परत बांधली.
अहवालाला वर्गाचा फोटो हवाय, तू येशील?
विचार करून सांगतो, म्हणाला.
शुक्रवार उलटून गेला. तो अजून विचार करतोय.

शेवटी त्या चौकटीत मी
कुत्र्याच्या ठशांचा फोटो चिकटवला
आणि पाठवण्याआधी वर्गाला दाखवला.
इक्रानं हात वर केला:
मॅडम, पण त्याला विचारलंत?