कोटाबाहेरची भट्टी

रेवदंड्याच्या कोटाबाहेर, उत्तरेला,
केवड्याचं बन संपतं तिथे
वाळूखाली दगडांचं एक गोल लागलं.
विहीर, म्हणाले बघायला आलेले.
पण विहिरीचे दगड आतून भाजत नाहीत,
जांभा असा वांग्याच्या रंगाचा होत नाही.

टिपणीस बाईंनी दोऱ्या ताणल्या.
माझं काम ते कागदावर आणायचं:
राखेला तुटक रेघ, कोळशाला ठिपके,
शिंपल्यांना काय, ते ठरलं नव्हतं.
आणि शिंपलेच शिंपले. तिसऱ्या, खुबे, कालवांची कवचं,
एक थर शिंपल्यांचा, एक कोळशाचा,
अंथरुणं घालावीत तशी नीट घातलेली.
खालची जळून पीठ झालेली.
वरची कच्ची, अजून गुलाबी कडेची.

शेवटची भट्टी अर्धीच जळली होती.
का, यावर बाईंनी दोन पानं लिहिली:
वेढा. साथ. अवेळी पाऊस.
लहानू हिलम पाटी उतरवून म्हणाला,
"पळाली असतील मानसं."
आणि परत खड्ड्यात उतरला.

दुपारी कोळीवाड्यातून तिसऱ्यांचं कालवण आलं.
मी कवचं खड्ड्याच्या काठावर टाकली
तर बाई ओरडल्या,
"वेचा ती! पुढचा खणणारा वेडा होईल."
मी वेचली. एक राहिली असेल.

तटाच्या भिंतीला भिंग लावून पाहिलं:
चुन्यात न जळलेली एक नखाएवढी कड,
तिच्यावर पाण्याच्या वर्षांच्या रेघा.
लहानूने तिथलाच चुना नखाने खरवडला,
जिभेला लावला, थुंकला.
"मेला ह्यो."
मग कमरेची डबी उघडून
त्यातला जिता चुना तंबाखूला चोळला.

भट्टीचं तोंड पश्चिमेला असणार,
बाईंचं मत. दर्याचा वारा फुकट मिळतो.
तीन दिवस पश्चिम खणली.
वाळू, चिनी मातीची एक निळी कपची,
पुन्हा वाळू.

चौथ्या दिवशी लहानू कुदळीवर हनुवटी टेकून:
"दिसाचा वारा धूर कोटात नेनार.
आत रहानारी ऐकून घेतील?
रातीला मतलई सुटते, तवा पेटवायची.
धूर जातो दर्यावर, कुनाला दिसत बी न्हाय.
तोंड डोंगराकडं हाय."
तुला काय माहीत, असं कुणी म्हणालं नाही,
तरी तो त्याचंच उत्तर देत राहिला:
घाटावर अकरा हंगाम कोळशाच्या भट्टीवर,
बायको, दोन पोरं,
धाकटी तिथलीच, भट्टीपाशी झालेली,
रात्रभर जागून भोकं लिंपायची,
झोप लागली तर कोळशाची राख
आणि राखेचे पैसे उचलीतून कापायचे.

पूर्वेला दोन हात खाली
दोन उभे चिरे, वर एक आडवा,
आणि त्यातून बाहेर आलेली
राखेची काळी जीभ.
बाईंनी वहीत पश्चिम खोडलं.
इतकं जोरात, की पुढच्या तीन पानांवर वळ उठला.

त्या रात्री मी मुद्दाम गेले.
साडेतीनच्या सुमारास वारा फिरला,
ताडांची पानं उलट्या अंगाने वाजू लागली.
मी भट्टीच्या तोंडाशी हात धरला.
वारा आत जात होता.
विझून किती शतकं झाली ते
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी लहानू आला नाही.
वाडीवर त्याच्या झोपडीला
काटक्यांचं दार दोरीने बांधलेलं.
शेजारीण म्हणाली, मुकादमाचा टेम्पो
रातच्यालाच आला.
दारात अर्धी निवडलेली नाचणी, सुपासकट.

तळटीप मागाहून बाईंनीच घातली,
छापताना संपादकांनी काढली:
"स्थानिक मजुरांच्या साहाय्याने" एवढं ठेवलं.
माझ्या मूळ नकाशावर मात्र आहे,
उत्तर दाखवणाऱ्या बाणाच्या खाली,
पेन्सिलीने, बारीक:
तोंड पूर्वेस. सांगणार, लहानू हिलम.
आणि शिंपल्यांसाठी शेवटी मी
कुठलीच खूण ठरवली नाही.
एकेक काढत बसले.