सेटल्ड

पाचशे एक्क्याण्णव.
वेंगुर्ल्याच्या शाखेत शिरोडकर मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली
आणि मी हात टेबलाखाली घेतले;
नखांत आउटबोर्डचं ग्रीस होतं.

आकड्याखाली एक शब्द होता : सेटल्ड.
आमच्यात पोरगा सेटल झाला की आई पेढे वाटते.
मॅडम म्हणाल्या, इथे तसं नसतं.
बँकेने कंटाळून मिळेल तेवढं पदरात घेतलं
की हा शब्द लागतो.
चौसष्ट हजारांतले एक्केचाळीस भरले होते मी.
फोनवरचा पोरगा 'अभिनंदन सर' म्हणाला होता,
त्या दिवशी दीड किलो बांगडे आणले होते घरी.

वर आणखी एक :
एका आठवड्यात पाच ठिकाणी कार्ड मागितलं.
प्रत्येक मागणीची नोंद झाली,
प्रत्येक नोंदीला आकडा घसरला.
मागणाऱ्याला मिळत नाही हे ठाऊक होतं,
मागितलं हेसुद्धा लिहून ठेवतात
हे नव्हतं.
"आता सहा महिने कुणाकडे काही मागू नका,"
डॉक्टर पथ्य सांगतात त्या आवाजात मॅडम म्हणाल्या.

दर्शनाची भिशी लागली, जुनी बाईक विकली,
उरलेले तेवीस भरले.
'काही येणे नाही' असं पत्र मिळालं,
ते लॅमिनेट करून घेतलं.
मग पंधरा हजारांची ठेव
आणि तिच्यावर बारा हजारांचं कार्ड.
म्हणजे माझेच पैसे आत कोंडून
मलाच उधार द्यायचे,
मीच ऋणको, मीच जामीन.
बाबल शेटना सांगितलं तर हसता हसता ठसका लागला त्यांना.
"मेल्या, ह्याच्यापेक्षा डबो बरो!"

बारातले तीनच वापरायचे.
स्पार्क प्लग, गिअर ऑइल, एकदा आईचा चष्मा.
पाच तारखेला सगळे भरायचे,
'किमान रक्कम' लिहिलेल्या चौकोनाकडे न बघता.
जूनमध्ये बंदी लागली, होड्या वर ओढून शाकारल्या.
इंजिनं दुकानात आली, पैसे आले नाहीत,
पाच तारीख आली.

सहाशे तीस.
सहाशे बावीस, का ते मॅडमनाही कळलं नाही.
सहाशे अठ्ठ्याऐंशी.
रात्री अंथरुणात फोन पुढे केला की दर्शना म्हणायची,
दहावीला एवढं बघितलं असतंस तर.

सातशे सत्तेचाळीस.
काल चांगल्या कार्डाचा फॉर्म उघडला.
विमानतळावर फुकट जेवण, असं लिहिलंय त्यात.
चिपीचं विमान मी खालूनच बघितलंय.
मला हवेत ते बिनव्याजी पंचेचाळीस दिवस :
कोचीहून सुटे भाग जुलैत आणायचे,
नारळी पौर्णिमेनंतर फेडायचे.
व्यवसाय, उत्पन्न, पिनकोड भरत होतो

इतक्यात घनःश्याम तांडेल इंजिन खांद्यावर घेऊन आला.
"पैसे होडी सुटल्यार देतंय."
मी त्याच्याकडे बघितलं
आणि मनातल्या मनात मोजायला लागलो :
गेल्या वर्षीचे दोन हजार उशिरा,
त्याच्या आधीचे अर्धेच.
फार तर पाचशे साठ.

त्या सेटल्ड वर्षी आमच्या पायरीवर
कुणीतरी दोनदा सुरमईच्या तुकड्यांची पिशवी ठेवून गेलं होतं.
कुणी, ते दर्शनाने विचारलं नाही, मीही नाही.
गाठ मात्र होडीवाल्याची होती.
होडीवाले काय, पुष्कळ आहेत इथे.

वहीत लिहिलं : घनःश्याम, इंजिन, नंतर.
फॉर्म अर्धाच राहिला, फोनची स्क्रीन विझली.
दोरी ओढली. नुसता धूर.
पुन्हा ओढली. धूर.
"आणखी येकदा ओड," तो म्हणाला.