अचल अडथळा

स्पर्धेला पस्तीस दिवस.
जेजू बेटावर वारा असा, की जुनी छपरं
अजून दोरांनी जखडलेली आहेत,
आणि आम्ही त्यात तंबू उभारतोय:
पाहुण्यांचे, पत्रकारांचे,
शिवाय प्रेक्षकांसाठी लोखंडी पायऱ्या, त्यांवर एका घड्याळाचं नाव,
जे घड्याळ आमच्यापैकी कुणाच्याच मनगटावर नाही.

माझं काम गवत.
हिरवळ तीन मिलिमीटर, केसभरही वर नको.
रोज पहाटे अॅल्युमिनियमच्या पन्हळीतून चेंडू सोडतो,
किती फूट घरंगळला ते वहीत मांडतो.
साडेदहा. पावणेअकरा. दव असेल तर दहा.
एकोणीस देशांतून माणसं येणार आहेत
माझ्या या आकड्यांवरून चालायला.

चौदाव्या होलवर, उजव्या अंगाला,
चांगला मारलेला फटका जिथे येऊन पडावा
नेमका तिथेच
काळ्या दगडांचा एक चौकोन आहे. चुना नाही, माती नाही,
दगडावर दगड, वाऱ्याला जायला फटी ठेवून.
आत मातीचा उंचवटा. त्याखाली बू मान-हो.
घोडे राखायचा. हा सगळा उतार त्याच्या घोड्यांचा
(कागदावर नव्हे. म्हणून तर मैदान झालं).
कंपनीनं तीनदा पाकीट पाठवलं, कबर हलवा म्हणून.
तिन्ही वेळा पाकीट परत आलं,
सोबत संत्र्यांची एकेक पेटी.

आज आठव्या चांद्रमासाचा पहिला दिवस.
कबरीवरचं गवत कापायचा.
त्याची बायको आली, यांग वल-सेंग, वय एक्क्याऐंशी,
विळा फडक्यात गुंडाळून.
फाटकावर पोरसवदा रक्षक म्हणाला, पास?
तिनं फडकं सोडून दाखवलं.

ती बसून कापते. मूठ धरायची, ओढायची, सरकायचं.
कुठे बोटभर, कुठे दोन बोटं,
मोजायला माझ्याकडे यंत्र नाही.
मी उगाच कुंपणाबाहेर यंत्राचं पातं पुसत राहिलो.

तेवढ्यात पंच आल्या, इशबेल मॅकॉसलन,
स्कॉटलंडच्या, छातीशी फायल,
नाक वाऱ्यानं लाल.
"चेंडू याच्या आत गेला तर?" स्वतःलाच विचारून
स्वतःच लिहू लागल्या:
अचल अडथळा. दंड नाही.
चेंडू उचलावा, एका काठीच्या अंतरात बाहेर टाकावा.

म्हातारीनं मला खुणेनं विचारलं, काय म्हणते?
माझं इंग्रजी माझ्या हिरवळीएवढंच.
म्हटलं, आजोबांना म्हणताहेत,
जो वाटेत येतो आणि हलवता येत नाही, तो.

ती विळा टेकून हसली,
इतकी, की पाणी आलं डोळ्यांत.
"सव्वीस वर्षं संसार केलाय मी. सांग तिला,
नियम बरोबर आहे."

मी सांगितलं. बाई हसल्या नाहीत आधी.
मग टोपी काढून हसल्या.

गवतातून सतरा चेंडू निघाले. गेल्या वर्षी अकरा होते.
म्हातारीनं सोळा ओच्यात घेतले,
सतरावा परत उंचवट्याशी ठेवला.
"राहू दे एक. दिवसभर करणार काय तो?"

जाताना बाई थांबल्या. डाव्या भिंतीत
हातभर दगड नव्हते.
"हे पडलंय? दुरुस्त करून घ्यायचं?"
नाही, मी म्हटलं. ते दार आहे.
पुरुषाचं डावीकडे असतं.
त्याला जायला-यायला.

त्यांनी फायल उघडली, मिटली.
काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी मैदानाचा नकाशा छापून आला.
अठरा होल, पाण्याचे निळे डाग, वाळूचे पिवळे,
तंबू, शौचालयं, रुग्णवाहिका,
आणि चौदाव्यावर नखाएवढा एक चौकोन,
डावीकडची रेघ
मध्येच सोडून दिलेली.