निव्वळ वजन

माझ्या खोलीला खिडकी नाही.
एक काटा आहे, फुंकरीनंही हलणारा,
एक वही, तपकिरी पिशव्यांची चळत.
सतरा वर्षं झाली. शेरीफच्या कचेरीत
जे जप्त होतं ते आधी माझ्यापुढं येतं,
न्यायाधीशापुढं नंतर.

नदीचं नाव स्नेक. नाव सापाचं, चाल गाईची.
पलीकडे ऑरेगन. तिथं हा पाला दुकानात मिळतो,
काचेच्या बरण्यांतून, कर लावून, पावतीसकट;
काउंटरवरची पोरगी हसून म्हणते, दिवस छान जावो.
अलीकडे आम्ही, आयडाहो.
पुलाच्या मध्यावर डांबराचा रंग बदलतो,
तिथं त्या पाल्याचा गुन्हा होतो.
दुकानाची पावती मग पुरावा म्हणून टाचतात.

कांद्याला हे कुणी सांगितलेलं नाही.
दोन्ही काठांचा कांदा एकाच ट्रकनं जातो.

कलमं मला पाढ्यांसारखी पाठ आहेत.
तीन औंसांपर्यंत वर्षभराची कैद आणि दंड,
त्यावर चिमूटभर गेलं की पाच वर्षांपर्यंत.
तीन औंस म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम आणि वर काही नाहीच,
एका बऱ्या सफरचंदाच्या निम्मं.

पहिल्याच वर्षी एका पोराचं शहाऐंशी भरलं.
पाला ओला होता. मी म्हटलं, वाळू द्या.
वकिलाला पुढची तारीख होती,
पोराची तर वाचाच बसली होती.
पाण्याची शिक्षा भोगून तो परत आला.
आता टायरच्या दुकानात असतो, माझेही बदलतो.
नजर वर करत नाही.
की मीच करत नसेन.

तर परवा, गुरुवारी, ब्राउनी आली.
अॅल्युमिनियमच्या ताटलीत, वर फॉइल, अजून कोमट.
ऑर्व्हिल टॅकेट, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं बीटच्या ट्रकवर, कधी साधी चिठ्ठीही नाही.
मेव्हणीनं पलीकडे भाजून दिली म्हणाला.
पाला त्यात असेल दोन ग्रॅम, फार तर तीन.
पण पदार्थ सगळा मोजायचा, अशी आमची रीत:
मैदा आरोपी, लोणी आरोपी, दोन अंडी आरोपी,
आणि अक्रोड, ज्यांनी आजवर कुठल्याच राज्यात
कुणाचं काही बिघडवलं नाही, तेही आत.
सहाशे बारा.

एक कोपरा नव्हता.
सुरीनं कापलेला नव्हे, बोटांनी मोडलेला,
कडेला दातांची खूण, अगदी लहान,
उंदराची असावी तशी.
मी डेप्युटी क्विम्बीचा कागद काढला.
त्याचं अक्षर भयंकर, पण माणूस खरं लिहितो:
शेजारच्या आसनावर पत्नी, लुएला. डोक्याला रुमाल.
चघळत होती. उतरा म्हटल्यावर म्हणाली,
रविवारनंतर पहिल्यांदाच पोटात काही राहतंय,
जरा थांबा.
आणि खाली, वेगळ्या ओळीत: थांबलो.

असं तोळामासा माणूस,
आणि सहाशे बारा ग्रॅमचा गुन्हा.

वहीत रकाने तीन आहेत.
एकूण. भांड्याचं. निव्वळ.
खाल्लेलं, असा रकाना नाही.
पोटात राहिलेलं, असाही नाही.
मी भरायचं ते भरलं, सही केली,
अर्लीन गोइकोएचिया, तारीख, वेळ चार वाजून दहा.

हातमोजे काढताना बोटाला चुरा दिसला.
तो काट्यावर झटकायचा असतो. झटकला.
शून्य पूर्णांक शून्य चार.
त्यानं टॅकेटचं काही सुधारणार नव्हतं,
बिघडायचं राहिलेलंही काही नव्हतं.
तरी मी बराच वेळ पेन धरून बसले.
चुऱ्याला लोण्याचा वास होता, थोडा दालचिनीचा.

मिळवला की नाही, ते वहीत आहे.
वही कपाटात आहे.
किल्ली माझ्याकडे.