नऊ सेकंद

एप्रिल लागला की येसेनीत्सेच्या शाळेत
मी कपाटातून चिमटा काढते,
दंडाची कातडी मोजायचा.
एकतीस वर्षं तोच. स्प्रिंग तेवढी दोनदा बदलली.
डोंगरावर अजून बर्फ,
पोलादाच्या कारखान्याची अर्धी धुराडी गार.

आठवीची मुलं रांगेत. आवाज फुटलेले,
ओठांवर लव, पायांत बापाच्या मापाचे बूट.
यर्नेय सगळ्यांत मागे,
बाही कोपराखाली ओढून धरलेली.
त्याचा आकडा मी मोठ्यानं वाचत नाही.
पेन्सिलीनं लिहिते, कार्ड पालथं घालते.
याहून जास्त काय करायचं असतं
ते मला कुणी शिकवलं नाही.

मग दांडी. हनुवटी वर, कोपरं दुमडून
लटकायचं, निभेल तितकं.
तिलेन बासष्ट सेकंद, वर शीळ घालत.
यर्नेय नऊ.
नऊ म्हणजे किती,
ते घड्याळ हातात धरून खाली उभं राहावं तेव्हा कळतं:
तिसऱ्यापर्यंत पोरगं देखणं दिसतं,
सहाव्याला मान थरथरते,
आठव्याला ते कुणाचंच नसतं.
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
मी शिट्टी फुंकली, उगाचच.

उलट्या रांगण्यात मात्र,
दहा मीटर, मधे पेटीचा अडसर,
तो खेकड्यासारखा सरसर गेला.
"हे बरंय," धापा टाकत म्हणाला,
"कोण हसतंय ते दिसत राहतं."

संध्याकाळी न्यायला बाप आला, मात्याश.
यालाही मीच मोजलेला, याच दांडीवर,
कारखान्याच्या पगारावर सोयरिकी जमायच्या तेव्हा.
आता रात्रीचा ट्रक, ऑस्ट्रियापर्यंत.
पोट स्टिअरिंगला टेकतं, तोच सांगतो.
"माझं किती होतं हो, बाई?"
मला आठवेना.
"एकाहत्तर," मी म्हणाले.

यर्नेयनं बापाकडे वर पाहिलं, मग दांडीकडे.
मात्याशनं जाकीट न काढताच उडी मारली.
चार. फार तर साडेचार.
दांडी करकरली, पोरगा खो खो हसला,
आणि "थांब, थांब" म्हणत
शेजारी जाऊन लटकला.

घड्याळ माझ्या खिशातच राहिलं.

ते गेल्यावर दिवे मालवले,
चिमटा फडक्यात गुंडाळून ठेवला.
स्प्रिंग पुन्हा सैल झालीय.