मानशीचं दार

प्रश्न पहिला : या अर्ध्या सत्रात तुम्ही काय शिकलात?
उत्तर स्वतःच्या भाषेत लिहा.

मिस, स्वतःची भाषा कुठली धरू?
घरात कोंकणी, बाबांच्या हातात मराठी पेपर,
तुमचा फळा इंग्रजी.
रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट लागेपर्यंत
मी तिन्हींतून थोडी थोडी उतरत असते.
मराठीत लिहिते. चुकलं तर गुण कापा.

जुलैत तुम्ही फळ्यावर चौकट काढलीत,
चौकटीत दार, दारात माणूस :
गेटकीपर.
कुठली बातमी आत, कुठली बाहेर, तो ठरवतो.
मागच्या बाकावरून प्रज्योत म्हणाला, म्हणजे वॉचमन.
सगळे हसले. मला हसू आलं नाही,
कारण माझ्या डोक्यात तोवर इनासबाब उभा होता,
गुडघाभर चिखलात, तोंडात विडी,
आमच्या चोडणच्या मानशीवर.

शब्दकोशात मानस म्हणजे मन.
आमच्या बेटावर मानस म्हणजे
खाजनाच्या बांधातलं लाकडी दार,
खारं पाणी जातं-येतं ते.
दोन्ही अर्थ मी वहीच्या समासात लिहिले
आणि खूश झाले. वाटलं, असाइनमेंट झाली.

शनिवारी रेकॉर्डर घेऊन गेले.
विचारलं, पाणी कधी आत घ्यायचं हे कसं ठरवतोस?
तो बघत राहिला. विडी विझली.
मग म्हणाला,
"दार पाणयान उगडटा गो, हांव न्हय."

भरतीच्या रेट्यानं फळ्या मिटतात,
ओहोटीला आपल्याआपण उघडतात.
तो फक्त फटीतला गाळ काढतो,
बाटल्या, चपला, एकदा एक हेल्मेट.
मग मानशेकार कशाला?
"जाळ्याक," म्हणाला.
ओहोटीच्या तोंडाशी जाळं.
शेवटो, काळुंदर, सुंगटां,
अख्ख्या खाजनातलं सगळं त्या एका तोंडातून.
त्या तोंडाची दरवर्षी पावणी होते.
अकरा वर्षं झाली, बोली इनासबाब लावत नाही.
लावणारा पणजीत राहतो.
त्यानं मानस पाहिलेली नाही.

मिस, तुमच्या चौकटीत जाळं नव्हतं.
हे उद्धटपणानं लिहीत नाहीये.

आता माझं.
बेचाळीस मिनिटांची मी तीन मिनिटं केली.
पणजीवाला ठेवला. हेल्मेट ठेवलं, वर्ग हसेल म्हणून.
गेल्या भाद्रपदात बांध फुटला ते काढलं,
कोरगुटाच्या रोपांवर मीठ चढलं ते,
त्याची बायको रात्रभर पोत्यांत माती भरत होती ते,
कारण तिथे त्याचा आवाज बसला होता
आणि मागे कुणाचा तरी कोंबडा ओरडत होता.

पेपरात ती बातमी चार ओळींची होती.
पान सात. वर पुण्यतिथी, खाली शिवणक्लास.
त्या न पाहिलेल्या उपसंपादकावर
मी दीड पान रागावले आहे,
असाइनमेंट दोन पाहावी.
त्याच्या चार ओळी.
माझ्या तीन मिनिटांत एकही नाही.

तुम्ही दहापैकी साडेआठ दिलेत.
शेरा : ध्वनी स्वच्छ.
कोंबडा मीच पुसला होता, मिस.

शिकले ते हे की अजून काय, ते नीट सांगता येत नाही.
आधी मला वाटायचं मी दारात उभी राहीन,
मोठ्या पेपरात, ओळखपत्र गळ्यात.
आता पेपर उघडला की
आधी जाळं शोधते, मग बातमी वाचते,
आणि बाबा म्हणतात, पान उलट गो, मला शब्दकोडं हवंय.

आज ओहोटी पहाटे दोन-दहाला.
फळ्या उघडताना आवाज होतो म्हणे,
"आयकूंक जाय जाल्यार यो."
रेकॉर्डर चार्जिंगला लावलाय.
बाबा टॉर्च घेऊन येणार आहेत, कुरकुरत.

प्रश्न दुसरा, पुढे काय सुधाराल, कोरा सोडते आहे.
कोंबडा आरवेपर्यंत तिथेच थांबायचा विचार आहे.