बर्फ कारखाना, गंगाखेड रोड

हिवाळ्यात आमच्याकडं काम नसतं.
कॉम्प्रेसर झाकलेला, डबे पालथे,
हौदाच्या काठावर मिठाची खपली.
चार महिने मी राखण करतो, म्हणजे वाचतो.

गुरुलिंग मास्तरांनी दिलेलं पुस्तक.
नकाशा कुणीतरी फाडून नेलेला,
म्हणून ही माणसं नेमकी कुठं चाललीत
हे मला जानेवारीभर कळलंच नाही.
नुसती चालताहेत.
शाई गोठते म्हणून पेन्सिलीनं लिहिताहेत:
आज सात मैल. आज अडीच. आज तंबूतच.
एक जण मोजे छातीशी धरून वाळवतो,
दुसरा स्वप्नात जेवतो
अन् घास तोंडाशी येताच जागा होतो.

कळावं म्हणून एका पहाटे मीही
शेगडी विझवून बसलो. परभणीत पारा सहावर.
दोन शिंका आल्या, उठलो.
मास्तर हसले. म्हणाले,
तू बर्फ विकतोस रे, थंडी वेगळी.

शिवरात्र झाली.
थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात,
मला तर ती न सांगताच गेलेली दिसली:
दुपारी पत्रा कडकडला,
लिंबाचा पाला हौदात उतरला,
रसवंतीवाला कदीर विचारून गेला, मशीन कधी?

पुस्तकात ते परतीला लागलेत.
पुरून ठेवलेल्या डब्यातलं रॉकेल उडून गेलंय.
पुढची खूण अकरा मैलांवर.
चाळीस पानं उरलीत.

मंगळवारी मशीन लावलं.
गुरुवारी निघालेला पहिला बर्फ
कदीरकडं नाही गेला.
गोणपाटात गुंडाळून चार लाद्या
मास्तरांच्या घरी नेल्या.
लेक गुवाहाटीहून निघालेली, दोन गाड्या बदलून,
तोवर थांबवायचं होतं त्यांना.

भिंतीला टेकून बसवलेले मास्तर, कपाळभर भस्म.
पाठीशी एक लादी, दोन कुशींना, एक पायाशी.
पाणी उंबऱ्याकडं वाहत गेलं.
भजनवाले दोनला पेंगले.
मी पिशवीतून पुस्तक काढलं
आणि त्यांना ऐकू जाईल इतपत
वाचत राहिलो. अडीच मैल. दीड.

उजाडता ती आली. बॅग खांद्यावरच.
माझ्या हातातलं बघून म्हणाली,
त्याचा नकाशा माझ्याकडंय.
सहावीत असताना फाडलेला.

मग बापाकडं वळली.
लाद्या निम्म्या झाल्या होत्या.